आवेश आणि प्रसंग

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आली. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेला मराठी तरुण भाड्याची खोली शोधतो, तेव्हा त्याच्या जातीची चौकशी होते. प्रांत आणि भाषा बदलली, तरी हा प्रश्न बदलत नाही. जात झाकलेली असेतो त्याला मान मिळतो. ती उघड होताच मार मिळतो. माणूस मात्र तोच असतो.

कल्याणमधील आमचे विद्यार्थी कथालेखन करताना बागुलांचा आवेश उचलतात आणि ती खोली विसरतात. वस्तुतः त्या आवेशाला बळ येते ते या प्रसंगामुळेच. कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे: दाता कोण, कुठला, त्याने काय दिले. तेथे जे अभिमानाने कोरले गेले, तेच बागुलांच्या नायकाला लपवावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम कोण, कोठे, काय विचारले, काय उत्तर दिले, एवढे नेमके लिहावे. संतापाचे शब्द त्यानंतर लिहावेत. तेव्हाच ते वाचकाला पटतील.