कात्री लावलेला धर्मग्रंथ

धर्मग्रंथाचा समाजावर काय परिणाम झाला हे सांगताना त्यातील वचने देण्याची रीत आहे. परंतु ग्रंथाचे सामर्थ्य कधीकधी त्यातून काय वगळले गेले यावरून अधिक नेमके कळते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील आफ्रिकी गुलामांसाठी 1807 साली लंडनमध्ये छापलेले निवडक बायबल याची साक्ष देते.

प्रॉटेस्टंट बायबलाचे अध्याय 1,189. या आवृत्तीत उरले अवघे 232. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती कथा आहे. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढले ती नाही. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन गळाले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन राहिले. संपादकांना ग्रंथ कळला नव्हता असे कोण म्हणेल? तो त्यांना फार चांगला कळला होता!

ही आवृत्ती काढणाऱ्या संस्थेचे प्रवर्तक लंडनचे बिशप बील्बी पोर्टियस. ते गुलामांच्या व्यापाराचे विरोधक होते. मात्र मळेवाल्यांच्या संमतीवाचून गुलामांपर्यंत पोहोचणे कठीण होते, आणि हैतीतील गुलामांच्या यशस्वी उठावाची आठवण ताजी होती. कात्री शत्रूची नव्हती, हितचिंतकांची होती, हे या प्रकरणातील खरे दुःख.

पुढे जमैकात सॅम्युएल शार्प हा बॅप्टिस्ट डीकन, स्वतः गुलाम असूनही वाचू शकणारा, दोन धन्यांची चाकरी कोणालाच करता येत नाही या येशूच्या वचनाचा आधार घेऊन उभा राहिला. 1831 च्या नाताळानंतर मोबदल्याशिवाय काम नाही, असा त्याचा बेत होता. त्याचा उठाव झाला. 1832 मध्ये त्याला फाशी झाली. 1833 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने दास्यमुक्तीचा कायदा केला. पूर्ण मुक्ती 1838 मध्ये आली.

बायबलाने गुलाम मुक्त केले, असा निष्कर्ष भाविक काढतील. बायबलानेच ते जखडले, असे टीकाकार म्हणतील. दोघांनाही आधार मिळेल, कारण वगळलेली वचने ग्रंथाचीच आणि राखलेलीही ग्रंथाचीच. म्हणून धर्मग्रंथाचा न्याय करताना त्याच्या पानांबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी लागते : तो वाचण्याचा अधिकार कोणाला होता, आणि किती पाने वाचण्याचा?