गुणवत्ता : एका शब्दाची चिकित्सा

साहित्यकृतीचा गृहीत वाचक कोण, असा प्रश्न दलित साहित्याने प्रस्थापित समीक्षेला विचारला. तोच प्रश्न आता प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेला विचारणे मला अगत्याचे वाटते. चाकूरच्या दलित वस्तीतील मुलाचे आयुष्य आज कुठल्याही कादंबरीपेक्षा ही प्रश्नपत्रिका अधिक ठरवते.

२०२५ च्या 'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. आता गणित पाहा. चार पर्यायांपैकी एक डोळे झाकून निवडला, तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी दोन-तृतीयांशावर जाते. म्हणजे 'वजा'ची जेवढी भीती घातली जाते तेवढी ती खरी नाही. शिकवणीवर्गातल्या मुलाला हे कोणीतरी सांगितलेले असते. ज्याला कोणी सांगितले नाही तो प्रामाणिकपणे प्रश्न सोडून देतो. हा फरक जीवशास्त्राच्या ज्ञानातला नाही. या प्रश्नपत्रिकेचा गृहीत उमेदवार म्हणजे आधीच शंभरदा चुकून घेण्याची ऐपत असलेला मुलगा होय!

गुणवत्ता जन्मजात असते, हे या मातीत तर कोणी म्हणूच नये. मराठवाडा मागास, निजामी राजवटीतला, म्हणून हिणवला गेला. पुढे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' आला आणि गुणवत्ता यादीवरची पुण्या-मुंबईची मिरासदारी मोडली. लातूरकरांचे रक्त काही बदलले नव्हते. बदलला तो सराव. चाचण्यांवर चाचण्या, त्याच प्रश्नांची उजळणी. गुणवत्ता घडवता येते, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही, आणि त्याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. परंतु घडवता येणारी वस्तू बाजारात विकताही येते. चाकूरहून लातूर एसटीच्या टप्प्यात आहे. वर्गाची फी, खोलीभाडे, मेस आणि 'रिपीट'चे एक कोरे वर्ष मात्र शेतमजुराच्या टप्प्यात नाही. ज्या शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्यांच्या नावाशी निगडित झालेल्या या परंपरेच्या आसपास शिकवण्यांची पेठ उभी राहावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल काय?

अशा परीक्षांचे कूळही तपासावे. अमेरिकेतील 'सॅट' १९२६ मध्ये सुरू झाली. तिचा कर्ता कार्ल ब्रिगहॅम याने १९२३ च्या आपल्या ग्रंथात सैनिकांच्या बुद्धिचाचण्यांवरून वंशांची उतरंड मांडली होती. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली.

आपल्याकडे राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेच्या नावाने गळा काढला जातो. २०२३ च्या 'नीट'ची पात्रतारेषा खुल्या वर्गासाठी ७२० पैकी १३७ होती, आमच्यासाठी १०७. शंभरात मोडल्यास एकोणीस आणि पंधरा. हा पर्सेंटाइलचा खेळ आहे : पन्नासावा पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत, तर निम्म्या उमेदवारांच्या पुढे असणे. त्या एकोणीस टक्क्यांवरच्या मुलाला बापाच्या पैशावर खाजगी महाविद्यालयाचे दार उघडू शकते. त्याच्याहून कितीतरी वर असलेला गरीब फी ऐकूनच परततो. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा पात्रता सर्वांसाठी थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. त्या दिवशी गुणवत्तेचे कैवारी कुठे होते?

जून २०२४ मध्ये 'नीट' गैरव्यवहाराच्या आरोपावरून लातुरात चौघांवर गुन्हा नोंदला गेला. त्यांत जिल्हा परिषद शाळेचे दोन शिक्षक होते. आरोपांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. मला छळतो तो वेगळाच विचार. आमची मुले ज्या जिल्हा परिषद शाळांत पहिले अक्षर गिरवतात, तिथल्या मास्तरांचे नाव या परीक्षेशी जोडले गेले, तेही शिकवण्यामुळे नव्हे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचाच आग्रह धरला होता. प्रवेशपरीक्षेवर वाद घालणारे आमचे लेखकही चाकूरच्या पाचवीच्या वर्गात विज्ञान कोण शिकवतो, हे विचारायला अजून गेलेले नाहीत.