टॉक टॉक : गप्प राहिलेला गायक आणि त्याचे दोन सोबती

‘ते आता काय करतात?’ जुन्या बँडबद्दलचे असे व्हिडिओ मी रात्री पडल्या पडल्या बघतो. त्यांची गोष्ट ठरलेली असते. हिट गाणी, मग उतरण, मग टक्कल पडलेल्या माणसाचा फोटो. आपण हळहळतो आणि पुढे स्क्रोल करतो. ‘टॉक टॉक’ या ब्रिटिश बँडचं नावही मी त्याच सवयीने शोधलं. तिथे ही गोष्ट बसेना.

१९८२ मध्ये हा बँड ड्युरान ड्युरानच्या मैफिलींआधी वाजवायचा. १९८४ चं ‘इट्स माय लाइफ’ हे पक्कं सिंथेसायझर-पॉप आहे. १९८६ चा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ चांगला खपला. मग १९८८ मध्ये ‘स्पिरिट ऑफ ईडन’ आला : सहा ट्रॅक, लांबलेली ट्रम्पेट, मध्येच खरवडल्यासारखा माउथ ऑर्गन आणि भरपूर शांतता. रेडिओवर वाजेल असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. कंपनी आणि बँडचं भांडण कोर्टात गेलं. म्हणजे इथे प्रसिद्धी आपोआप ओसरली नाही, या लोकांनीच तिच्याकडे पाठ फिरवली.

गायक मार्क हॉलिसने १९९८ मध्ये एकच सोलो अल्बम केला आणि तो घरच्यांसोबत राहू लागला. २०१९ मध्ये, ६४ व्या वर्षी तो गेला. पुढचा अल्बम आलाच नाही. त्याच्या या मौनावर आपण समीक्षक फार भाळतो. मीही भाळलो होतो. पण २००३ मध्ये नो डाउटने ‘इट्स माय लाइफ’ पुन्हा गाऊन गाजवलं, तेव्हा लेखक म्हणून नावं होती हॉलिस आणि टिम फ्रीज-ग्रीन यांची. बेस वाजवणारा पॉल वेब आणि ड्रमर ली हॅरिस या श्रेयात नव्हते. गाण्याची रॉयल्टी लेखकाला मिळते. मौनाचं कौतुक करताना हा हिशेब आपण सोडून देतो.

म्हणून मला या दोघांची गोष्ट जास्त मोलाची वाटते. शाळेपासूनचे हे मित्र. नव्वदच्या दशकात त्यांनी ‘ओरँग’ नावाचा बँड काढला. त्यातलं काही भन्नाट आहे, काही नुसतंच भरकटलेलं. २००२ मध्ये वेबने ‘रस्टिन मॅन’ या नावाने पोर्टिसहेडच्या बेथ गिबन्ससोबत ‘आउट ऑफ सीझन’ केला. त्यात ड्रमवर हॅरिसच होता. तिचा आवाज पुढे राहील अशा बेताने सगळी वाद्यं मागे सरकून बसतात. मागे उभं राहण्याची कला बेसवाल्यालाच कळावी.

वेब स्वतः गायला तो २०१९ च्या ‘ड्रिफ्ट कोड’मध्ये. तब्बल सतरा वर्षांनी. आवाज थरथरतो, म्हातारा वाटतो, आणि काही गाण्यांत वाद्यांची गर्दी त्याला झाकून टाकते. हा अल्बम ‘स्पिरिट ऑफ ईडन’च्या उंचीचा नाही. पण त्यात कुणाला काही सिद्ध करायचं नाही आणि जुन्या हिट्सचं भांडवलही नाही. तो आला फेब्रुवारीत. त्याच महिन्याच्या अखेरीस हॉलिस गेला. बातम्या अर्थातच हॉलिसच्या झाल्या.

२०२४ मध्ये बेथ गिबन्सचा ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’ आला. ड्रमवर पुन्हा ली हॅरिस.

‘ते आता काय करतात?’ या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच : वाजवतात. आपलं लक्ष नसतं, इतकंच. आज रात्री हेडफोन लावा, ‘आउट ऑफ सीझन’ सुरू करा आणि गाणं संपेपर्यंत फोन पालथा ठेवा.