डबीवरचे वाङ्मय

संपादकांनी या अंकासाठी टीकालेख मागितला, तेव्हा वर्षभरात आपण काय काय वाचले याचा मी हिशेब मांडला. दोन कादंबऱ्या पुऱ्या झाल्या, एक आत्मचरित्र अर्ध्यावर राहिले, आणि बालवर्गातल्या मुलांच्या पाट्या तर रोजच्याच. परंतु एक मजकूर असा निघाला की तो मी जवळजवळ दर रविवारी वाचला आहे, आणि दर वेळी त्याच्याशी मनातल्या मनात भांडले आहे. केसांना लावायच्या लेपाच्या डबीवरचा तो मजकूर. डबी माझ्या मुलीने आणली. तिच्या भाषेत तो 'डीप कंडिशनिंग'चा 'मास्क' आहे, आणि माझ्या वेणीचे टोक केरसुणीसारखे झाले आहे म्हणून तो माझ्यासाठी आहे.

आता डबीवर कुणी टीका लिहिते का, असे वाचक विचारतील. माझा अधिकार तसाही बेताचाच. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा बालवर्गाच्या बाईचा, आणि नावावर चार कादंबऱ्या. पण जो मजकूर माणसाला 'असे कर, तसे वाग' म्हणून सांगतो, तो कादंबरीपेक्षाही अधिक तपासून घ्यावा असे मला वाटते. कादंबरी वाचून कुणी आपला रविवार बदलत नाही.

डबीच्या दर्शनी बाजूविषयी फार लिहीत नाही. तिथे विशेषणांची गर्दी आहे: रेशमी, मुलायम, तजेलदार. वर्गात एखाद्या मुलाने निबंधात इतकी विशेषणे घातली असती तर मी तांबड्या शाईने निम्मी खोडली असती. मागची बाजू मात्र निराळ्या हाताने लिहिलेली दिसते. तिथे बारीक अक्षरात सहाच वाक्ये आहेत. केस धुवा. पाणी निथळू द्या. मध्यापासून टोकांपर्यंत लेप लावा. दहा मिनिटे निवांत बसा. भरपूर पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा करा. एकही विशेषण फुकट गेलेले नाही. (इंग्रजीवरून मराठी मीच केले आहे, भाषांतराचा दोष असेल तर तो माझा.)

या सहांपैकी तिसरे वाक्य मला फार आवडते. 'मध्यापासून टोकांपर्यंत.' लिहिणाऱ्याला विषय ठाऊक आहे, हे या दोन शब्दांवरून कळते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेला टेकणाऱ्या वेणीचे टोक जवळजवळ पाच वर्षांचे असते. मुळाशी केस कालचा, टोकाशी पाच पावसाळे आणि पाच उन्हाळे पाहिलेला. ज्या टोकाला मी केरसुणी म्हणते, ते माझ्या शेवटच्या कादंबरीपेक्षाही जुने आहे! आणि केस हा देहातून बाहेर आला की निर्जीव. तो झिजला तर नखासारखाच, स्वतःहून भरून येत नाही. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक पापुद्रे असतात. ते उचकटले की केस खरखरीत लागतो.

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंनी मला पुढचे समजावून दिले. ओल्या केसावर, आणि झिजलेल्या भागावर अधिकच, ऋण विद्युत्भार असतो. लेपातल्या मुख्य द्रव्यावर धन भार असतो. त्यामुळे केस जिथे जास्त झिजलेला, तिथेच ते जास्त चिकटते. बाकी पुष्कळसे स्निग्ध द्रव्य असते, ते पापुद्रे चापून बसवते. पुढच्या न्हाण्यात ते बरेचसे निघून जाते, म्हणून 'आठवड्यातून एकदा'. यात जादू नाही आणि लबाडीही नाही. डबीच्या पाठीवर घटकांच्या यादीत 'सेटिल अल्कोहोल' हे नाव वाचून माझ्या आत्याने डबी दूर सारली होती. ते मेणासारखे द्रव्य असून दारूशी त्याचा काही संबंध नाही, हे तिला पटवायला मला दोन कप चहा करावा लागला.

भांडण आहे ते चौथ्या वाक्याशी. दहा मिनिटे निवांत बसा.

कोणी बसावे? इथे वाक्याचा कर्ता गाळलेला आहे. आज्ञार्थी वाक्यात तो गाळतातच. पण गाळलेल्या कर्त्याचे चित्र लेखकाच्या डोळ्यांपुढे असते, आणि डबीच्या लेखकाच्या डोळ्यांपुढे जी बाई आहे, तिच्या न्हाणीघराबाहेर कुणी बादली घेऊन उभे नाही. तिच्या गॅसवर कुकर नाही. तिचा नळ एक दिवसाआड सकाळी सव्वासहा ते सात एवढाच येत नाही. पाचवे वाक्यही तसेच. भरपूर पाणी म्हणजे किती? मी मोजले आहे. माझ्या केसांतला लेप निघायला दीड बादली लागते, शिकेकाईला किंवा शॅम्पूला लागते ती निराळी. शाळेच्या दिवशी मी पाचला उठते, सातला घराबाहेर पडते. त्या दोन तासांत दहा निवांत मिनिटे शोधून दाखवणाऱ्या लेखकाचा मी जाहीर सत्कार करीन.

वास्तवाचे भान नसलेली कादंबरी आपण हिणवतो. मग या वाक्यालाही तोच न्याय लावला पाहिजे. इतका चांगला तपशील जाणणारा लेखक वेळेच्या बाबतीत एवढा भोळा कसा?

याचे उत्तर मला एका शब्दाच्या इतिहासात सापडले. 'शॅम्पू' हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. हिंदीतले 'चाँपना' म्हणजे दाबणे, मळणे. आपल्या 'चेपणे'च्या जवळचा. पाटण्याचे दीन मुहंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटनला गेले आणि त्यांनी तिथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे दुकान मांडले. ते पुढे राजाचे चंपीवाले झाले, आणि 1822 साली त्यांनी त्यावर पुस्तकही छापले. त्या काळी शॅम्पू म्हणजे बाटली नव्हे. दुसऱ्या माणसाने आपल्या हातांनी केलेले अंगमर्दन. 1957 सालच्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकर तेलाची बाटली घेऊन कलकत्त्याच्या रस्त्यावर हिंडतो, तो याच धंद्यातला. पुढे शब्द बाटलीवर चिकटून आपल्याकडे परत आला. हात मात्र वाटेत कुठेतरी गळले. डबीचा लेखक जेव्हा 'निवांत बसा' म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे अजून कुणाचे तरी हात राबत असल्याची आठवण असावी. एरवी स्वतःच्या डोक्याला स्वतःच लेप लावणारी बाई निवांत कशी बसेल?

इथवर लिहून मी खूष होते. डबीची चूक सापडली होती, आणि 'आपले जुने न्हाणे किती चांगले' असे लिहून लेख संपवायचा, एवढेच उरले होते. जुन्या न्हाण्याचे गुणही काही खोटे नाहीत. आदल्या रात्री खोबरेल जिरवायचे आणि सकाळी शिकेकाईने धुवायचे, यात अर्थ होता. 2003 साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी झाली ती खोबरेलानेच, कारण त्याचे कण लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतात. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही टीकाकाराने सांगितले पाहिजे.) म्हणजे आजीच्या वाटीतही डीप कंडिशनिंगच होते, त्यावर तसे लिहिलेले नव्हते, इतकेच.

पण लेख तसा संपवता आला नाही. कारण 'जुने न्हाणे' या विषयावर मी पूर्वी एकदा लिहून बसले आहे, आणि ते लिखाण डबीपेक्षा चांगले ठरत नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीत अभ्यंगस्नानाचे एक प्रकरण आहे. पहाटेचा काळोख, बंबातल्या ढलप्यांचा धूर, घंगाळातले कढत पाणी, तेलाची चांदीची वाटी, उटण्यातल्या नागरमोथ्याचा आणि कपूरकाचरीचा वास. आई एकेका मुलाला पाटावर बसवते, टाळूवर तेल थापते, पाठ चोळते. वाचकांची सर्वांत जास्त पत्रे मला या प्रकरणाबद्दल आली. एका शाळेच्या संमेलनात मुलींनी ते वाचूनही दाखवले. मीही ते आजवर माझे सर्वांत बरे लिखाण मानत आले.

आत्याने ते परवा वाचले. तिचे वय ब्याऐंशी. वाचते हळू, पण सोडत काही नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढत म्हणाली, "छान आहे गं. सगळ्यांची न्हाणी झाली. पण त्या बाईचं डोकं कुणी धुतलं?"

मी प्रकरण पुन्हा काढून पाहिले. चतुर्दशीला ती मुलांना न्हाऊ घालते. पाडव्याला नवऱ्याला तेल-उटणे लावते. भाऊबीजेला भाऊ येतो, त्याच्याही पाठीला तिचाच हात. बावीस पानांचे प्रकरण, पण तिचे स्वतःचे न्हाणे त्यात नाही. ती किती वाजता उठली, बंबात पाणी कुणी भरले, याचाही पत्ता नाही. डबीने वाक्याचा कर्ता गाळला म्हणून मी एवढी ओरड केली. मी तर माझ्या नायिकेचे डोकेच गाळले.

न सुचल्याने गळले असते तर एक वेळ चालले असते. पण तसे नाही. माझ्या आईचे डोके मी आयुष्यात फक्त एकदाच धुतले आहे, आणि ते कादंबरी लिहिण्याच्या आधी. तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले होते, हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. हात वर धरून ती पाटावर बसली, आणि मी तांब्याने पाणी घातले. तिचे केस एवढे विरळ झाले आहेत हे मला त्या दिवशी कळले. मागच्या बाजूला, अंबाड्याखाली, जटा बसल्या होत्या. किती दिवसांपासून कोण जाणे, मोडलेला हात तर दहाच दिवसांचा होता. मी तेल लावून बोटांनी त्या सोडवू लागले, तर ती सारखी म्हणत होती, "पुरे आता, तुला शाळेला उशीर होईल." शाळेला खरेच उशीर होत होता. मी निम्म्या जटा सोडवल्या आणि उरलेल्या कात्रीने कापल्या.

हे मला ठाऊक होते. लिहिताना डोळ्यांपुढेही होते. प्रकरणाच्या सुवासात ते बसेना, म्हणून मी ते बाहेर ठेवले. टीकाकारांनी या कादंबरीवर भाषेचे, रचनेचे बरेच दोष दाखवले; हा दोष कुणी दाखवला नाही, कारण बाहेर ठेवलेले कुणाला दिसत नाही. दिसले ते आत्याला. तिने एकत्र कुटुंबात सोळा माणसांचे बंब तापवले आहेत.

त्यानंतर डबीवरचा माझा राग जरा उतरला. तिचे चौथे वाक्य भाबडे असेल, पण ते निदान डोक्याच्या मालकिणीला उद्देशून आहे. तिने बसावे, असे ते म्हणते. आमच्या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी कुणा बाईला म्हटल्याचे मला आठवत नाही.

आता ते कामाच्या दिवसांत बसवायचे कसे, हे कुटुंबातल्या वाचकांनी विचारले तर माझा अनुभव सांगते. शाळेच्या दिवशी नाद सोडावा. शनिवारी रात्री जेवणे उरकल्यावर टोकांना चमचाभर खोबरेल. निथळेपर्यंत ओतू नये, नाहीतर ते काढायला आणखी पाणी लागते. रविवारी नळ असेल तर केस धुऊन आधी पंचाने नीट टिपावेत. केसांत पाणी राहिले तर लेप पातळ होऊन वाया जातो. मग मध्यापासून टोकांपर्यंत लेप, गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल डोक्याला, आणि न्हाणीघर दुसऱ्याला मोकळे. दहाची वीस मिनिटे झाली म्हणून बिघडत नाही. पण रात्रभर ठेवून दसपट गुण येईल असेही नाही. त्या वेळात मी पूर्वी भाजी चिरत असे. आत्याच्या प्रश्नानंतर चिरत नाही. भाजी मुलगा चिरतो. जाड चिरतो, पण शिजते. पाणी घालायला मुलगी येते. मागची बाजू आपल्याला दिसत नाही, तिला दिसते.

कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. मुद्रिते घरी येऊन पडली आहेत, आणि त्या प्रकरणात एक परिच्छेद घालायचा आहे असे मी प्रकाशकांना कळवले आहे. डोक्याला टॉवेल बांधून मी तेवढा वेळ तो लिहायला बसते. तीन रविवार झाले. चार ओळी झाल्या आहेत, आणि कात्री अजून आलेली नाही.