क्षारांचा प्रादुर्भाव व प्रबलित काँक्रीटचा टिकाऊपणा : एक समीक्षा

प्रबलित काँक्रीटची गुणवत्ता ठरविताना २८ दिवसांच्या घनाचे दाबसामर्थ्य हाच बहुधा अखेरचा निकष मानला जातो. क्षारांच्या संदर्भात हा निकष अपुरा ठरतो. पणजीजवळील मांडवी नदीवरील पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी, अवघ्या १६ वर्षांत, कोसळला. ताणलेल्या पोलादी केबलींना लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. अशा दुर्घटनेचा अंदाज घनाच्या चाचणीतून येत नाही.

यामागील प्रक्रिया सर्वज्ञात आहे. काँक्रीटमधील अल्कतेमुळे सळईवर संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदते. पुढे ओलावा व प्राणवायू मिळताच गंज वाढतो, फुगतो आणि आच्छादनास तडे पाडतो.

आयएस ४५६:२००० या संहितेने टिकाऊपणास महत्त्वाचे स्थान दिले, हे तिचे श्रेय होय. तीव्र परिस्थितीसाठी एम ३० प्रत, ०.४५ पाणी-सिमेंट गुणोत्तर व ४५ मि.मी. आच्छादन तिने सुचविले. तथापि समुद्रात पूर्ण बुडालेले काँक्रीट आणि किनारी हवेतील काँक्रीट यांना तिने एकाच वर्गात बसविले. पहिल्यात प्राणवायूचा पुरवठा अत्यल्प, तर दुसऱ्यात मुबलक असतो. त्यामुळे हे वर्गीकरण ढोबळ वाटते.

मुळशी तालुका समुद्रापासून दूर आहे. म्हणून येथे हा प्रश्न गौण समजणे चुकीचे ठरेल. क्षार केवळ खाऱ्या वाऱ्यातून येत नाहीत. मचूळ विंधन विहिरीचे पाणी किंवा न धुतलेली खाडीची वाळू वापरल्यास ते काँक्रीट कालवतानाच आत शिरतात. याच संहितेने प्रबलित काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा दर लिटरला ५०० मि.ग्रॅ., तर काँक्रीटमध्ये दर घनमीटरला ०.६ कि.ग्रॅ. ठेवली आहे. क्लोराइडमुळे सुरुवातीचे सामर्थ्य वाढूही शकते. म्हणजेच दूषित काँक्रीटचा घन चाचणीत उत्तीर्ण होऊन उलट दिशाभूल करू शकतो.

सारांश, हिंजवडीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या परिसरात घनाच्या अहवालाबरोबरच पाणी व वाळूची क्लोराइड तपासणी, आच्छादनाची प्रत्यक्ष मोजणी आणि पुरेसे क्युरिंग यांची नोंद अनिवार्य व्हावी. स्थापत्य अभियांत्रिकीच्या अध्यापनातही सामर्थ्य व टिकाऊपणा हे दोन स्वतंत्र गुण म्हणून शिकविले जाणे आवश्यक आहे.