वरळीचा घुमट आणि श्रवणसुख

वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमसारख्या बंदिस्त क्रीडागृहांत हल्ली गाण्याबजावण्याचे जलसे होतात. त्यांविषयी छापून येणारा मजकूर बहुधा गायकाच्या नावापासून निघतो आणि गर्दीपाशी संपतो. श्रोत्याच्या कानी काय पडले, ही चौकशी त्यात क्वचितच आढळते. आमच्या मते गाण्याबरोबर वास्तूचेही परीक्षण व्हावयास हवे. सभागृह हेही एक वाद्यच आहे, आणि त्याचा दोष गवयाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

शहापूर-मुरबाडकडील रसिकास तर ही चौकशी अगत्याची. आसनगाव मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटर. मुरबाडकराने आधी मोटारीने तीसेक किलोमीटर तुडवून कल्याण गाठावे, तेव्हा कोठे त्याला गाडी मिळावयाची. बहर ऐन रंगात आला असता भैरवीसाठी थांबावे की शेवटची लोकल धरावी, या विवंचनेत त्याचे अर्धे चित्त घड्याळात असते. एवढा खटाटोप करून येणाऱ्यास स्वर तरी स्वच्छ मिळावा.

वरळीची ही वर्तुळाकार वास्तू १९५७ सालची, आणि ती मुळात खेळांसाठी उभारलेली. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामाचा प्रारंभ येथेच झाला. २०२० च्या साथीत येथे रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या. कबड्डीस हा आकार किती शोभतो! प्रत्येक नजर मध्यावर खिळते, आरोळी छताला लागून परतते व उत्साह दुणावते. गाण्याच्या वेळी मात्र अशा गृहांत मंच बहुधा एका टोकास घालतात. मग वर्तुळाचा सारा गुण वाया जातो, बाजूच्या आसनांवरील मंडळींच्या वाट्यास गायकाचा कान तेवढा येतो.

घुमाऱ्याचा प्रश्न याहून बिकट आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखविले की, दालनाचे आकारमान वाढले की ध्वनी अधिक काळ रेंगाळतो, आणि पडदे, गाद्या, माणसांचे कपडे यांनी तो शोषला की लवकर विरतो. शोषण तेवढेच राहून आकारमान दुप्पट झाले, तर रेंगाळणेही दुप्पट. त्यात घुमटाचा अंतर्वक्र पृष्ठभाग ध्वनीस एके ठिकाणी गोळा करतो. शिवाय मंचापासून ३४ मीटरांवर बसलेल्यास स्वर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा पोहोचतो. आणि घुमाऱ्यामुळे द्रुत तानेतील सूर एकमेकांवर चढतात. यावर कर्ण्यांचा जोर वाढविणे हा उपाय नव्हे. जोर वाढला की घुमाराही त्याच प्रमाणात वाढतो, आणि श्रोता मोठ्याने तेवढेच अस्पष्ट ऐकतो.

मोठे सभागृह वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. षण्मुखानंद सभागृहात २,७६३ आसने आहेत. १९६३ साली ते उघडले, १९९० साली जळाले, १९९८ साली पुन्हा उभे राहिले, आणि रसिक पुन्हा तेथे जाऊ लागले. ते आधीपासून श्रवणासाठी योजलेले. १९८० साली उघडलेल्या टाटा थिएटरात तर ध्वनिशास्त्राची बाजू सिरिल हॅरिस यांच्याकडे सोपविली होती.

उलटपक्षी, उघड्या माळाचे गोडवे गाणाऱ्या शहरी लेखकांचाही आम्हांस कंटाळा आला आहे. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेस भरते, तेथे बैलांचा बाजार असतो. कोणत्याही जत्रेत शेजारशेजारचे दोन कर्णे दोन गाणी ओकू लागले, तर तेथे घुमारा नसूनही काही ऐकू येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरील कर्ण्यांस रात्री दहानंतर सामान्यतः मनाई केली. बंदिस्त सभागृहास ती नाही. हा भिंतींचा मोठाच लाभ. तथापि तारपा वाजविणारा मध्ये आणि नाचणारी माणसे त्याच्याभोवती, ही ठाण्याच्या डोंगरकुशीतील मांडणी वरळीच्या आकारास जेवढी जुळेल, तेवढा एका टोकाचा मंच जुळत नाही. गवयास मध्ये बसवून पाहण्याचे धाडस कोणी का करू नये?

शहापुरास किंवा मुरबाडास रंगमंदिर बांधावयाचे ठरले, तर नकाशावर सही करण्यापूर्वी छताची उंची किती व भिंतींस अस्तर कसले, हे विचारून घ्यावे. पाचशे माणसे नीट ऐकू शकतील एवढे दालन तालुक्यास पुष्कळ झाले. आणि शेवटच्या एसटीची वेळ तिकीट-खिडकीवरच लिहून ठेवावी.