'स्थानिक' म्हणजे नेमकं कोण? सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे वाचा

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य होतं, 'वाहतूक नियमनावरून केंद्र आणि स्थानिक शासन यांच्यात संघर्ष आहे.' गाइडनी समासात एकच शब्द लिहिला: कोणता? राग आला, कारण उत्तर येत नव्हतं. एम.एस्सी. करून आलेल्या आपल्यासारख्यांना कायदा वाचायला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून ही पोस्ट.

आधी गाजलेलं उदाहरण घेऊ. मोटार वाहन कायद्यातला वाढीव दंड 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाला. हेल्मेट नसेल तर 1000 रुपये. महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवली, गुजरातने रक्कम 500 वर आणली. आधार होता कलम 200 चा, कारण तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने ॲटर्नी जनरलच्या मताचा हवाला देऊन कळवलं, की कायद्यातल्या किमान दंडाच्या खाली जाता येणार नाही. महाराष्ट्राने नवे दर आणले ते थेट डिसेंबर 2021 मध्ये.

संघर्ष खराच आहे. पण यात महापालिका कुठे दिसली का तुम्हाला?

माझा आक्षेप इथेच आहे. आपण 'स्थानिक' असं लिहितो आणि पुरावा राज्याचा देतो.

आता आपल्या वऱ्हाडात या. अमरावती महापालिका 1983 ची, अकोल्याची 2001 ची. शहरातले बहुतेक रस्ते त्यांचे, खड्ड्यांवरून शिव्याही त्यांनाच. पण एखादा रस्ता एकेरी करायचा असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 33 बघा. अमरावतीत आयुक्तालय आहे, तिथे हा अधिकार पोलीस आयुक्तांचा. अकोल्यात आयुक्तालय नाही, तिथे पोलीस अधीक्षकांचा. महापौर दोन्हीकडे नाहीत.

वेगाचंही तसंच. कलम 112 नुसार कमाल मर्यादा केंद्र ठरवतं. ती कमी करू शकतं राज्य, किंवा राज्याने अधिकार दिलेली यंत्रणा. पार्किंगच्या जागा ठरवताना कलम 117 स्थानिक संस्थेशी फक्त सल्लामसलत करायला सांगतं. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, पूल, वाहनतळ, बसथांबे सगळं आहे. वाहतूक नियमन मात्र नाही.

याची दुसरी बाजूही लिहा, नाहीतर व्हायव्हामध्ये अडकाल. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्याला मूर्तिजापूर ओलांडल्यावर त्याच पाटीचा वेगळा अर्थ लागू नये. तेवढी एकसूत्रता हवीच. पण शाळेसमोर वेग ताशी 30 ठेवावा, हे ज्या नगरसेवकाला रोज दिसतं, त्याच्या सभागृहाने ठराव करायचा आणि मग दुसऱ्या कार्यालयाची वाट बघायची? तोवर मुलं रस्ता ओलांडतच असतात. माझ्या मते कायद्याची खरी उणीव ही आहे. तिच्यावर भांडण होत नाही, म्हणून आपल्या प्रबंधांतही ती येत नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या गावातला एक चौक निवडा. वहीत तीन रकाने आखा: कलम कोणतं, सही कोणाची, आणि विचारावं कोणाला लागतं. रकाने भरले की मगच 'संघर्ष' हा शब्द वापरा.

माझं पहिलं वाक्य आता असं आहे: 'रस्ता महापालिकेचा असला, तरी त्यावरचा नियम तिचा नाही.' गाइडनी यावेळी समास कोरा सोडला.